पियानोचा आखूड पाय

२ फेब्रुवारी

नवी वही. महोत्सवाचं यंदा सत्ताविसावं वर्ष. पुढेमागे कुणी अभ्यासक याचा इतिहास लिहायला बसला, तर माझ्या वह्यांवाचून त्याला गत्यंतर नाही. म्हणून यंदा अक्षर जरा सुवाच्य काढायचं ठरवलं आहे.

त्या अभ्यासकासाठी थोडक्यात. माझे सासरे, म्हणजे सगळ्यांचे 'मास्तर', मोठे रचनाकार होते. हे मीच म्हणतो असं नाही, आता सगळेच म्हणतात. मी फक्त सगळ्यांच्या आधी म्हटलं. दरवर्षी मार्चमध्ये तीन दिवस त्यांच्या, आणि फक्त त्यांच्याच, रचना वाजतात. तिसऱ्या दिवशी अगदी शेवटी त्यांची अखेरची रचना, जिला सगळे 'अपुरी' म्हणतात. सतराव्या पानाच्या तळाच्या सुरावर ती तुटते. तिथेच मास्तरांच्या हातून लेखणी गळून पडली. वादक तिथे थांबतात, व्हायोलिनचे गज हवेत तसेच, आणि सभागृह उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळतं. ही दोन मिनिटं म्हणजे आमचा महोत्सव. बाकीचे तीन दिवस लोक त्या दोन मिनिटांसाठी काढतात.

कल्पना माझी. पहिल्या वर्षी मीच पडद्याआडून हात वर करून वादकांना थांबवलं होतं. दोनच मिनिटं का? तर पडदा अडकला होता आणि तो सुटायला तेवढा वेळ लागला. हे माझ्या 'थांबण्याची कला' या ग्रंथात नाही. ग्रंथात मी लिहिलं आहे की, सूर पानाच्या बरोबर तळाशी तुटावा यात नियतीचंसुद्धा समासाचं भान दिसतं. हे वाक्य लोक मलाच म्हणून दाखवतात.

आज नव्या दिग्दर्शिकेची गाठ पडली. वय तिशीच्या आतबाहेर, केस माझ्याहून आखूड. सतरा पानं तिनं उभ्या उभ्या चाळली आणि विचारलं, "अठराव्या पानावर काय आहे?"

"अठरावं पान नाही."

"शोधलंत?"

"बाई, नसलेली वस्तू कुणी शोधत नाही."

तिनं हे टिपून घेतलं. आदरानंच घेतलं असावं.

घरी आलो तर बायको इस्त्री करत गुणगुणत होती. इस्त्रीच्या वेळची तिची एक ठरलेली चाल आहे. लग्न झाल्यापासून ऐकतो आहे. कुठल्यातरी साबणाच्या जाहिरातीतली असावी. मी म्हटलं, "जरा थांबतेस का? माझ्या डोक्यात 'अपुरी' घोळतेय."

"माझ्याही," ती म्हणाली, आणि तिनं सदऱ्याची कॉलर उलटली.

९ फेब्रुवारी

अक्षर थरथरतंय त्याबद्दल अभ्यासकानं क्षमा करावी.

मास्तरांचं घर आता स्मृतिसदन आहे. पुढच्या खोलीत त्यांचा पियानो, चष्मा, छत्री आणि ती ऐतिहासिक लेखणी. मागच्या दोन खोल्यांत सासूबाई राहतात. दर्शनाच्या वेळात त्यांनी पुढच्या दारात कपडे वाळत घालू नयेत अशी समितीची त्यांना विनंती आहे, आणि पाचांपैकी तीन दिवस त्या ती पाळतात. पियानोवर 'हात लावू नये' अशी पाटी आहे. पाटी लागल्यापासून कुणी हात लावलेला नाही, त्यामुळे त्याचा आवाज आता भांड्यांच्या फडताळासारखा येतो. दिग्दर्शिकेनं हट्ट धरला म्हणून आज सूर लावणारा माणूस बोलावला.

त्यानं पियानोला कान लावला, मग गुडघे टेकून जमिनीलाही लावला. म्हणाला, "साहेब, पुढचा डावा पाय आखूड आहे. खाली काहीतरी कोंबलंय कुणीतरी."

त्यानं ते ओढून काढलं. कागद. आठ घड्या घातलेला, मधोमध पायाचा गोल वळ उठलेला. त्यानं उलगडला. मास्तरांचं अक्षर, मास्तरांची शाई, आणि उजव्या कोपऱ्यात आकडा: १८.

मी म्हटलं, "कच्चं काम असेल."

"असेल की. मला आपलं सतरानंतर अठरा येतं एवढंच कळतं."

पानाच्या तळाशी, शेवटच्या सुराखाली, मास्तरांनी दोन रेघा ओढल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं: 'संपलं. भूक लागली. जेवायला वाढ.'

मी खाली बसलो. नेमका पियानोच्या बाकावर बसलो, म्हणजे पाटीचाही भंग झाला. तेवढ्यात पियानो डावीकडे कलला. सूर लावणाऱ्यानं हाताला लागेल ते पायाखाली सरकवलं. तो माझा ग्रंथ निघाला. पियानो आता उजवीकडे कलला.

"जाड झालं," तो म्हणाला. "यातली निम्मी पानं काढली तर बरोबर बसेल."

मी त्याला याविषयी कुठे बोलू नका म्हणून बजावलं. तो म्हणाला, "आमचं काम कान उघडे ठेवायचं, साहेब. तोंड नाही." माणूस भरवशाचा वाटला.

मग मागच्या खोलीत गेलो. सासूबाई शेंगा सोलत होत्या. मी कागद पुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पाहिलं, आणि म्हणाल्या, "काढलात होय? आता डुगडुगेल तो."

"आई, हा कागद तिथे कुणी घातला?"

"मीच. दुसरं कोण घालणार? पाय आखूड, कागद जमिनीवर पडलेला. घातला."

"अहो, पण तो शेवट होता!"

"होताच की. खाली संपलं लिहिलंय, वाचता येतं मला. चालू असलेल्या कागदाला मी त्यांच्या हयातीत कधी बोट लावलं नाही, जावईबापू. संपलेल्याला काय करायचंय?"

"पण त्यांच्या हातून लेखणी गळून पडली..."

"लेखणी कसली पडतेय! खिशात होती आणि खिशातच गळली. सदरा मी धुतलाय तो. तीन दिवस भिजत घालावा लागला. हे लिहून झाल्यावर चांगले तीन आठवडे होते ते. दोन वेळा जेवत होते."

मी विचारलं, "इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"विचारलंत का कुणी? तुम्ही सगळे उभे राहता, मला वाटायचं त्यांच्यासाठी राहता. गुडघे धरले असून मीही उभी राहते. ते पानासाठी आहे हे मला काय ठाऊक?"

हे सगळं त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मी उठून खिडकी लावून घेतली. त्यांना ऐकू येईनासं झालंय. उजवा कान गेलाच. डावाही फार तर वर्षभर, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे पुढच्या वर्षी त्यांना पहिल्या रांगेतून मागे हलवता येईल आणि ती खुर्ची अध्यक्षांच्या विहीणबाईंना देता येईल. हे टिपून ठेवतो, नाहीतर गडबडीत राहून जायचं.

१२ फेब्रुवारी

समितीची तातडीची बैठक. दिग्दर्शिकेला बोलावलं नाही, कारण विषय संगीताचा नव्हता.

अध्यक्ष हे निवृत्त दंतवैद्य. त्यांनी पान उजेडात धरून, एक डोळा मिटून, बराच वेळ तपासलं. मग म्हणाले, "मुळापर्यंत जाऊ नये. दुखतं."

पण मुळापर्यंत गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आमच्या संस्थेचं नाव 'अपुरी प्रतिष्ठान'. आमचं चिन्ह हवेत थांबलेला गज. ते चिन्ह पत्रावर आहे, फलकावर आहे, अध्यक्षांच्या टायवर आहे. शेवट चांगला निघाला तर? तर इतकी वर्षं तो न वाजवल्याबद्दल लोक आम्हाला धरतील. वाईट निघाला तर मास्तरांना धरतील. पान वाचून सांगू शकेल असं खोलीत कुणी नव्हतं. त्यामुळे चर्चा निर्विघ्न पार पडली.

ठराव एकमतानं झाला, शब्द माझे आहेत: 'सदर पान ज्या ठिकाणी आणि ज्या स्थितीत सापडलं, त्याच ठिकाणी आणि त्याच स्थितीत त्याचं जतन करण्यात यावं.' आठ घड्या मी स्वतः जुन्या खुणांवरून घातल्या. पियानो पुन्हा सरळ झाला. ग्रंथ मला परत मिळाला, मुखपृष्ठावर गोल वळ आहे.

मन हलकं झालं.

१५ फेब्रुवारी

मन जड आहे. बायकोला कळलं.

"आईनं सांगितलं," ती म्हणाली.

"मोठ्यानं?"

"आईला आता हळू बोलता येतं का?"

ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही. गॅस बारीक केला, हात पुसले आणि म्हणाली, "यंदा एकदा वाजू दे ते पान. एकदाच. आईला ऐकू येतंय तोवर."

मी म्हटलं, "त्यांनी ऐकलं असेलच की तेव्हा."

"अर्धवट. भिंतीपलीकडून, नळ चालू असताना. बाबांनी मला शिकवलं त्या दुपारी, आणि आईला म्हणाले, तू आत्ता ऐकू नकोस, सभागृहात पहिल्या रांगेत बसून ऐक. ती त्या रांगेत सव्वीस वर्षं बसतेय. दर वर्षी तुम्ही तिला उभी करता आणि घरी पाठवता."

मी तिला शांतपणे समजावलं. कलाकृती, परंपरा, लोकांच्या भावना. अपूर्णतेतच पूर्णता कशी असते ते प्रकरण तिनं वाचलेलं नाही हे तेव्हा लक्षात आलं. मग पुराव्याचा मुद्दा काढला. पुरावा हाती लागला म्हणजे सत्य हाती लागतं असं नव्हे.

"अहो," ती म्हणाली, "पहिल्या वर्षी मी म्हणाले मला शेवट पाठ आहे, तेव्हा तुम्ही म्हणालात पाठ असून चालत नाही, कागद पाहिजे. आता कागद आलाय, तर तुम्हाला पियानो सरळ पाहिजे."

यावर उत्तर आहे. मला ते उद्यापर्यंत सुचेल.

अभ्यासकासाठी नोंद: पहिल्या महोत्सवात पहिल्या खुर्चीवर व्हायोलिन घेऊन तीच बसली होती. एकोणीस वर्षांची. मी हात वर केला तेव्हा तिचाच गज सगळ्यांत आधी थांबला, आणि संस्थेच्या चिन्हात जो गज आहे तो तिचाच. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. नंतर तिनं व्हायोलिन सोडलं. संसार म्हटला की हौस मागे पडायचीच. मी तिला कधी थांब म्हटलं नाही.

२१ फेब्रुवारी

कपाटावरची व्हायोलिनची पेटी जागेवर नाही. तिच्या जागी धुळीत पेटीएवढा चौकोन. विचारलं तर म्हणाली, "हवा दाखवायला दिलीय."

दुपारची ती घरी नसते. शेजारणीनं तिला सूर लावणाऱ्याच्या दुकानात शिरताना पाहिलं, दोनदा. त्या माणसात पाहण्यासारखं काही नाही; मी नीट पाहिला आहे. तरीही दिवसभर बेचैन होतो. शेवटी छडा लागला: ती व्हायोलिन विकायला काढते आहे. गिऱ्हाईक मिळेपर्यंत मला सांगायचं नाही असा विचार असणार. स्वभाव मानी आहे. मीही कळलंय असं दाखवणार नाही.

जेवताना पाहिलं, डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना बारीक चरे पडलेत. "भाजी चिरताना लक्ष कुठे असतं तुझं?" मी काळजीनं म्हटलं.

"सतराव्या पानावर," ती म्हणाली. कधीकधी ती उगाचच टोचून बोलते.

२५ फेब्रुवारी

तालमीला गेलो. वादकांनी 'अपुरी' सतराव्या पानापर्यंत आणली आणि थांबले. मी घड्याळ दाबलं. हे घड्याळ मी पहिल्या वर्षापासून वापरतो, शर्यतीचं आहे, काटा वळसा घालून वर आला की एक मिनिट. दोन वळसे झाले की मी मान हलवतो आणि मग लोक श्वास घेतात.

तीस सेकंदांवर एक चेलोवाला खोकला. मी त्याला पडद्याआड नेऊन समज दिली. तो म्हणाला, "साहेब, वाजवताना कधी खोकला येत नाही बघा. न वाजवतानाच येतो."

दिग्दर्शिका हसली. मग तिनं एक कागद पुढे केला. व्हायोलिनच्या मागच्या रांगेत एक खुर्ची वाढवायची होती. वादकाचं नाव नव्हतं, 'एक हौशी वादक' एवढंच, आणि अनुभवाच्या रकान्यात 'घरगुती'.

"घरगुती म्हणजे?"

"रोजचा रियाज आहे. कपड्यांच्या ढिगापुढे."

अशा हौशी बायकांना उत्तेजन द्यावं या मताचा मी आहे. मागच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर कोण बसतं हे कुणी बघायला जातंय? सही केली.

१ मार्च

स्मृतिसदनाची पाहणी. सासूबाईंनी पुढच्या दारात दोन चादरी आणि एक लांबलचक टॉवेल वाळत घातला होता, त्यांना म्हटलं, तर म्हणाल्या, "काय? ऐकू येत नाही." सोयीचं तेवढं ऐकू न येण्याची कला त्यांना चांगली साधली आहे.

पियानो सरळ आहे. वाकून पाहिलं. कागद जागच्या जागी, घड्या व्यवस्थित. मात्र आधीपेक्षा बराच पांढरा दिसला, आणि एका घडीच्या कडेला आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर असते तशी निळी रेघ. सूर लावणाऱ्यानं पुसून स्वच्छ केला असावा. कामसू माणूस. आपण उगाच संशय घेतला.

६ मार्च

पहिला दिवस उत्तम. माझं प्रास्ताविक बावीस मिनिटांचं झालं. दोघांनी जागेवर येऊन विचारलं की संगीत कधी सुरू होणार, म्हणजे उत्सुकता चांगली ताणली गेली होती. बायको आली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

७ मार्च

दुसरा दिवस. आजही डोकं दुखतं म्हणे. मी तिला म्हटलं, निदान उद्या तरी ये, मास्तरांची मुलगी आलीच नाही असं व्हायला नको. "उद्या येते," ती म्हणाली. "उद्या मला तुमच्या आधी निघायचंय." माझा सदरा तिनं इस्त्री करून ठेवला होता. गुणगुणणं आज नव्हतं. नुसतं डाव्या हातानं टेबलावर बोटं हलवत होती.

९ मार्च, सकाळ

काल लिहिणं जमलं नाही. आज सगळं जसं घडलं तसं लिहितो.

सभागृह भरलं होतं. सासूबाई पहिल्या रांगेत मध्यभागी, डावा कान मंचाकडे करून, तिरक्या बसलेल्या. त्यांच्या शेजारची बायकोची खुर्ची रिकामी. लोक काय म्हणतील म्हणून मी तिच्यावर कार्यक्रमपत्रिका ठेवली.

'अपुरी' सुरू झाली. मी पडद्याआड माझ्या जागी घड्याळ घेऊन उभा. सतरावं पान संपलं, गज थांबले, सभागृह उभं राहिलं. मी घड्याळ दाबलं. दरवर्षीप्रमाणे अध्यक्षांनी डोळे मिटले.

चौदाव्या सेकंदाला मागच्या रांगेतला, शेवटच्या खुर्चीवरचा एक गज तारेवर टेकला.

एकटंच व्हायोलिन. पहिले दोन-तीन सूर जरा कापरे आले. मला वाटलं, घरगुती बाईची चूक झाली, हिला मोजता येत नाही. मी पडद्याआडून हात वर केला. तोच हात, तीच खूण. बाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

माझी बायको होती.

सव्वीस वर्षांपूर्वी तिनं मान वळवून अस्संच पाहिलं होतं. तेव्हा ती थांबली होती. काल तिनं पाहिलं, माझा वर केलेला हात पाहिला, आणि वाजवत राहिली. मग दिग्दर्शिकेनं दोन्ही हात उचलले आणि बाकीची व्हायोलिनं आली, चेलो आला, खोकणारा चेलोवालासुद्धा न खोकता आला. सगळ्यांपुढे पान होतं. नक्कल कुणी काढली, कधी वाटली, मला कल्पना नाही. मी कार्यवाह आहे.

आणि चाल मला माहीत होती. इथे अभ्यासकापुढे मला थोडं अवघड होतंय, पण लिहितो. ती साबणाच्या जाहिरातीतली नव्हती. ती चाल मी पंचवीस वर्षं, आठवड्यातून तीनदा, माझ्याच सदऱ्यांवर ऐकलेली आहे. कॉलर उलटायच्या जागी ती वर चढते. बाह्यांपाशी खाली येते. शेवटी बटणांच्या पट्टीपाशी बायको नेहमी थांबते आणि सदरा झटकते; तिथे, कळलं, दोन रेघा आहेत.

माझा हात अजून वरच होता. तो कधी खाली आला ते आठवत नाही.

संपलं तेव्हा घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं आणि तीन सेकंद. म्हणजे वेळापत्रक बिघडलं नाही.

कुणी टाळी वाजवली नाही, कारण 'अपुरी'नंतर टाळ्या वाजवायच्या नाहीत असा माझाच दंडक. सगळे उभे. फक्त सासूबाई बसल्या होत्या; त्या शेवट सुरू झाल्याबरोबर बसल्या असाव्यात. त्यांनी डाव्या कानावरचा हात काढला, पदर सारखा केला, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा त्या शांततेत, त्यांच्या आताच्या आवाजात, म्हणाल्या:

"संपलं. चला, जेवायला वाढते."

मंचावर शेवटच्या खुर्चीवर बायको व्हायोलिन मांडीत घेऊन हसत होती आणि रडत होती, एकाच वेळी. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं, आणि तेव्हा पडदा सोडवण्यात गुंतलो होतो?

सासूबाईंनी खरंच वाढलं. मागच्या खोलीत दिग्दर्शिका, सूर लावणारा, सहा-सात वादक, सगळे जमिनीवर बसून जेवले. मला वाढताना सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, भात घ्या. उभे राहून दमला असाल."

११ मार्च

समितीची बैठक. मी राजीनामा लिहून नेला होता. खिशातून काढायची वेळ आली नाही.

अध्यक्ष भारावले होते. त्यांनी सगळं डोळे मिटूनच ऐकलं असल्यामुळे हे समितीनं घडवून आणलं असा त्यांचा समज झाला आहे, आणि तो दूर करणं मला उद्धटपणाचं वाटलं. गावभर चर्चा आहे. लोक म्हणतात, त्या शांततेतून तो पहिला सूर उगवला तेव्हा अंगावर काटा आला.

म्हणून ठराव झाला. एकमतानं. दरवर्षी 'अपुरी' सतराव्या पानावर थांबेल. सभागृह उभं राहील. बरोबर चौदा सेकंद शांतता पाळण्यात येईल. आणि त्यानंतर शेवटच्या खुर्चीवरून एक हौशी वादक अनपेक्षितपणे वाजवू लागेल. पडद्याआडून कार्यवाह हात वर करतील, आणि वादक तो मानणार नाही. पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठ महिलेनं शेवटी जेवणाचं वाक्य म्हणावं. त्यासाठी अध्यक्षांच्या विहीणबाई तयार आहेत. पहिले सूर जरा कापरे यावेत अशीही सूचना आली, ती दिग्दर्शिकेकडे पाठवली.

मूळ पान परत मिळालं; ते आता काचेच्या पेटीत ठेवायचं आहे. पियानोखाली कार्यक्रमपत्रिकेऐवजी काय घालावं हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ग्रंथाची निम्मी पानं काढून देण्याचं मी मान्य केलं.

१४ मार्च

घरी आलो तर बायको इस्त्री करत होती. मी तिला ठराव वाचून दाखवला. ती इतकी हसली की तिला इस्त्री उभी करून ठेवावी लागली.

"मग पुढच्या वर्षी वाजवशील ना?" मी विचारलं. "शेवटची खुर्ची तुझीच."

"मी पहिल्या रांगेत बसेन, आईशेजारी. तिला ऐकू आलं नाही तर हातावर बोटांनी वाजवून दाखवीन." तिनं सदरा पसरला. "तुमचा वर केलेला हात दुसऱ्या कुणीतरी धुडकावायचा आता. माझं झालं."

मग ती कामाला लागली. कॉलर, बाह्या, पट्टी. मी खुर्चीत बसून वाट बघत होतो. कसली ते आधी कळलं नाही. इस्त्री वाफ सोडत होती आणि बाकी काहीच आवाज नव्हता.

"आज ती चाल नाही?" मी विचारलं.

"संपली ना ती," बायको म्हणाली.

खरंच संपली होती. तिनं दुसरा सदरा घेतला. मी सवयीनं खिशातलं घड्याळ दाबलं आणि काट्याकडे न बघता बसून राहिलो. सव्वीस वर्षं मी ती शांतता मोजत आलो, पण नुसतं बसून ऐकली नव्हती. दोन मिनिटं फार मोठी असतात.